अ‍ॅम्प्लिफायरची घरघर आणि वरखाली होणारं व्होल्टेज: घरची लाइट तपासायची कशी?

केळीपट्टा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाव फैजपूर, दुमजली घर, सिंगल फेज मीटर. वरच्या खोलीत सिस्टिम आहे: टोरॉइड (गोल कड्यासारख्या) ट्रान्सफॉर्मरचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर (मागे २२० व्होल्ट छापलंय), नेटवर्क स्ट्रीमर, बुकशेल्फ स्पीकर. डिशच्या सेट-टॉप बॉक्सचा आवाजही आरसीए केबलने अ‍ॅम्प्लिफायरलाच दिलाय.

तक्रारी अशा. स्पीकरमधून बारीक 'भूं' कायम येतं. दुसरं, कधीकधी अ‍ॅम्प्लिफायरचा डबाच घरघरतो, व्हॉल्यूम बंद असला तरी. हे दिवसभर नसतं, मध्येच सुरू होतं आणि मध्येच थांबतं. तिसरं, बोर्डावरचा डिजिटल मीटर संध्याकाळी २०५ दाखवतो आणि रात्री एकनंतर २४८.

दुकानदार म्हणतो दोन केव्हीएचा सर्व्हो (मोटरने व्होल्टेज जुळवणारा) स्टॅबिलायझर घ्या, वर पॉवर कंडिशनर लावा. आकडा ऐकून थांबलोय. विकत घेण्याआधी घरातली लाइट कशी आणि कुठल्या क्रमाने तपासावी? साधा मल्टिमीटर आहे.

सातपुडा_ध्वनी

भाऊ, दुकानदाराला थांबवलंत ते बरं केलंत. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन असू शकतात आणि स्टॅबिलायझर त्यातल्या एकाच तक्रारीवर चालतो, तोही अर्धवट.

स्पीकरमधल्या 'भूं'पासून सुरुवात करा, कारण त्याला मीटरही लागत नाही. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून मागच्या सगळ्या इनपुट केबल काढा, मग चालू करा. आवाज गेला तर अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहे, दोष जोडणीत आहे. आता एकेक केबल परत लावा, दरवेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच. माझा संशय सेट-टॉप बॉक्सवर आहे. गच्चीवरची डिश लोखंडी पाइपवर असते, तो पाइप स्लॅबच्या सळईला किंवा ओल्या भिंतीला टेकलेला. म्हणजे डिशच्या केबलच्या जाळीला तिकडे एक अर्थिंग मिळतं आणि अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनमधून दुसरं. दोघांमधला फरक अर्धा-एक व्होल्ट असला तरी तो प्रवाह आरसीए केबलच्या जाळीतून जातो आणि तुम्हाला ५० हर्ट्‌झ ऐकू येतो. खात्री करायची तर बॉक्सच्या मागचा डिशचा स्क्रू कनेक्टर सोडवा. 'भूं' तिथल्या तिथे थांबलं तर हा दोन अर्थिंगमधला लूपच आहे.

यावर उपाय ऑडिओच्या बाजूने करा. बॉक्सला ऑप्टिकल आउटपुट आणि अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर ऑप्टिकल तार लावून मोकळे व्हा. नसेल तर आरसीएच्या मध्ये एकास एक प्रमाणाचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. अगदी स्वस्तातला घेऊ नका, खालचा बेस खातो. केबल टीव्हीसाठी कोअ‍ॅक्स आयसोलेटर मिळतो, तो डिशच्या केबलवर चालणार नाही: डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी त्याच केबलमधून जातात, आयसोलेटर ते अडवतो आणि चित्रच जातं.

आणि एक. कोणीतरी सांगेल की अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन तोडा, आवाज जाईल. आवाज जाईलच. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की डब्याला करंट येईल, आणि आरसीएच्या जाळीतून बॉक्सलाही. तीन पिन तीनच राहू द्या.

कानाने थोडा अंदाज येतो. गुळगुळीत, जाड 'हूं' म्हणजे बहुधा ५० हर्ट्‌झ, लूप किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली केबल. खरखरीत 'झर्र' म्हणजे १०० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटी, तिथे फिल्टर कपॅसिटर वाळलेले असू शकतात. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट अ‍ॅप चालेल. मात्र फोनचा माइक ५० हर्ट्‌झ नीट पकडत नाही, म्हणून स्क्रीनवर ५० दिसलं नाही तरी ते नाहीच असं समजू नका.

धुळेकर_वायरिंग

व्होल्टेजचं मी सांगतो. नुसतं २०५ आणि २४८ यावरून काही कळत नाही. ते २०५ डीपीवरूनच (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरूनच) येतंय की तुमच्या भिंतीत पडतंय, हे आधी ठरवायचं.

मीटर शक्यतो ट्रू आरएमएस असावा आणि कॅट थ्री (सुरक्षेची श्रेणी), ६०० व्होल्टचा. साधा पिवळा मीटर शुद्ध साइन वेव्ह गृहीत धरून आकडा काढतो. संध्याकाळी गावभर एलईडी, टीव्ही, चार्जर चालू असतात, तेव्हा वेव्हचं डोकं चपटं होतं आणि तो मीटर काही व्होल्टने चुकतो. आजच्या कामाला तुमचा चालेल, कारण आपल्याला फरक बघायचाय, नेमका आकडा नाही. फक्त त्याच्या वायरी फाटलेल्या नकोत. मीटर एसी ७५० किंवा ६०० च्या रेंजवर ठेवा, लाल वायर करंटच्या भोकात नाही ना ते दोनदा बघा.

आता इस्त्री घ्या, १००० वॅटची. ज्या बोर्डावर सिस्टिम आहे त्याच बोर्डावर.

आधी सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल मोजा, मग न्यूट्रल-अर्थ. समोरून पाहिल्यावर उजवं भोक फेज, डावं न्यूट्रल, वरचं मोठं अर्थ. तसं नसेल तर वायरमनने उलटं जोडलंय, ते आधी सरळ करून घ्या. मग शेजारच्या सॉकेटला इस्त्री पूर्ण तापमानावर लावा आणि तेच दोन आकडे पुन्हा घ्या. घाई करा, थर्मोस्टॅट टक् करून तुटला की लोड गेला आणि तुम्ही रिकामं सॉकेट मोजत बसाल. शेवटी हेच खाली मेन स्विचजवळ करा: इस्त्री वरतीच चालू आणि मीटर मेनच्या आउटगोइंगला. हे काम उघड्या टर्मिनलवर असतं, सवय नसेल तर वायरमन बोलवा.

वाचायचं असं. इस्त्री साधारण ४ अँपिअर घेते. व्होल्टेज जितकं पडलं त्याला ४ ने भागा, तो रस्त्याचा रोध. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम. म्हणजे मेनपासून बोर्डापर्यंत २० मीटर धरले तर जाऊन-येऊन ०.३ ओहम, आणि ४ अँपिअरला सव्वा व्होल्टच्या आसपास पडायला हवेत. त्याहून फार जास्त पडलं तर कुठेतरी जोड ढिला आहे.

न्यूट्रल-अर्थचा आकडा कशासाठी? फेजची तार आणि न्यूट्रलची तार सारख्याच लांबीची, म्हणून घट दोघींत निम्मी-निम्मी वाटली जाते. एकूण ३ व्होल्ट पडले तर न्यूट्रल-अर्थ दीडने वाढायला हवा. तो एकट्याने जवळजवळ सगळी घट खात असेल तर दोष न्यूट्रलच्या रस्त्यात. अजिबात वाढला नाही तर फेजमध्ये. या एका चाचणीने निम्मं घर तपासून होतं.

मोजायची वेळ: पहाटे, दुपारी दोनला, संध्याकाळी साडेसातला, रात्री उशिरा. शेतीची थ्री फेज सुटते त्या वेळीही मीटर लावून ठेवा. गावठाण फीडर (गावाला येणारी लाइन) वेगळा असला तरी सबस्टेशन बहुधा तेच. केळीच्या पंपांना ऑटोस्विच असतात, लाइट आली की शिवारातले सगळे पंप एकदम उठतात, आणि थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. वीज कंपनी ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा असं सांगून थकली. त्या पाच-दहा मिनिटांत सिस्टिम चालू करू नका, एवढंच आपल्या हातात.

अहिराणी_बेस

न्यूट्रल ढिला शे भाऊ. आधी ते देख, मंग बाकीनं.

केळीपट्टा

धन्यवाद सगळ्यांना. डिशचा कनेक्टर सोडवला आणि 'भूं' गायब. बॉक्सला ऑप्टिकल आहे, अ‍ॅम्प्लिफायरलाही आहे, तार मागवली.

इस्त्रीची चाचणी संध्याकाळी साडेसातला, मेनजवळचं वायरमनकडून करून घेतलं:

वरचा बोर्ड, इस्त्री बंद: फेज-न्यूट्रल २१४, न्यूट्रल-अर्थ २.१
वरचा बोर्ड, इस्त्री चालू: २०५ आणि ९.६
मेन, इस्त्री बंद: न्यूट्रल-अर्थ १.२, फेज-न्यूट्रल २१४ च्या थोडं वर
मेन, इस्त्री चालू: फेज-न्यूट्रल १.६ ने उतरला, न्यूट्रल-अर्थ २.०

वायरमन म्हणाला अर्थिंगची खात्री करायला फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघू. लावू देऊ का?

धुळेकर_वायरिंग

बल्ब लावू देऊ नका, त्याचं शेवटी सांगतो.

आकडे छान आलेत, दोष बोट ठेवून दाखवता येतो. मेनवर १.६ पडले, त्यातले ०.८ न्यूट्रलमध्ये, म्हणजे बरोबर निम्मे. डीपीपासून मेनपर्यंतचा रस्ता ०.४ ओहम. गावातल्या सर्व्हिस वायरला हे चांगलंच म्हणायचं.

वर मात्र ९ पडले. मेनचे १.६ वजा करा, उरले ७.४, ते तुमच्या भिंतीत. न्यूट्रल-अर्थ वर ७.५ ने वाढला आणि मेनवर ०.८ ने, फरक ६.७. म्हणजे घरातल्या ७.४ पैकी ६.७ एकट्या न्यूट्रलमध्ये आणि फेजमध्ये जेमतेम ०.७. फेजची तार ठणठणीत आहे. न्यूट्रलचा रोध १.७ ओहम निघतो, जिथे ०.२ च्या आत हवा होता. दीड ओहमचा एक जोड कुठेतरी बसलाय. ४ अँपिअरला त्या जोडावर २४ वॅट उष्णता निर्माण होते, भिंतीच्या आत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून विसरल्यासारखं. त्याच लाइनवर गिझर लावलात तर करंट दुप्पट आणि उष्णता चौपट, शंभर वॅटच्या घरात. ऑडिओ राहू द्या, हे आधी आजच्या आज.

शोधायचं कुठे: डीबीतली (एमसीबीच्या डब्यातली) न्यूट्रल लिंक (स्क्रू घट्ट वाटतो, पण तारेची चार-पाच पदरंच आत असतात), जिन्यातला जंक्शन बॉक्स, आणि वरच्या बोर्डात एका सॉकेटवरून दुसऱ्यावर नेलेला न्यूट्रल. जुन्या घरात अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याची पिळून वर टेप गुंडाळलेली असते. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड चढतं, तापून-थंड होऊन ते पीळ सैल पडतात. टेप कडक, तपकिरी झालेला दिसला की जागा सापडली. मेन बंद करून तो तुकडा कापून टाका, टेप बदलून भागवू नका. एकाच धातूचा जोड क्रिंप स्लीव्हने, आणि तांबं-अ‍ॅल्युमिनियम टाळताच येत नसेल तर त्यासाठीचाच बायमेटल कनेक्टर. खरं तर मेनपासून वरपर्यंत अखंड अडीचची तांब्याची नवी जोडी आणि अर्थ ओढून घ्या, स्वतंत्र १६ अँपिअर एमसीबीवर. एमसीबी सी-कर्व्हचा घ्या. टोरॉइड चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो, बी-कर्व्ह उगाच पडतो.

आता बल्ब. ही आपल्याकडची जुनी पद्धत, बल्ब लख्ख पेटला की अर्थिंग चांगलं. पण शंभरचा बल्ब जवळजवळ अर्धा अँपिअर अर्थमध्ये सोडतो. आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर ३० मिलिअँपिअरलाच पडेल आणि काही कळणार नाही. आरसीसीबी नसेल आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल, तर अर्थच्या तारेवर शंभर-दीडशे व्होल्ट चढतील आणि चाचणी चालू असेपर्यंत फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या पत्र्याला करंट. घरात लहान मूल असतं, कूलरखाली पाणी असतं. अर्थ टेस्टरवाला बोलवा, दोन खुंट्या ठोकून रोध मोजतो. घराला ५ ओहमच्या आत असावा असं धरतात. मोजणी एप्रिल-मेमध्ये करा. आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरते तेव्हा कुठलाही खड्डा पास होतो, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाइपभोवतीची माती सुटते. तेव्हा जो आकडा येईल तो खरा. अडीच मीटरचा जीआय पाइप आणि वर पाणी ओतायला फनेल असेल तर उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालत राहा.

गिरणा_टोरॉइड

डब्याच्या घरघरीवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

मध्येच सुरू होते, मध्येच थांबते, व्हॉल्यूमशी संबंध नाही: ही लाइनवर डीसी आल्याची खूण. टोरॉइडच्या गाभ्याला हवेची फट नसते आणि प्रायमरीचा रोध दोन-चार ओहमच. अर्धा व्होल्ट डीसी आला तरी दोन ओहममधून पाव अँपिअर डीसी वाहतो, तर त्याचा नेहमीचा चुंबकन करंट मिलिअँपिअरमध्ये असतो. गाभा एका बाजूला भरून जातो आणि घरघरतो.

डीसी येतो कुठून? अर्ध्या वेव्हवर चालणाऱ्या वस्तूंमधून. घरातला पहिला आरोपी हेअर ड्रायर, कमी उष्णतेच्या बटणावर. आत एक डायोड टाकून अर्धी वेव्ह कापलेली असते. १००० वॅटचा असेल तर तो साधारण २ अँपिअर डीसी ओढतो. तुमच्या वरच्या लाइनचा आताचा रोध मेनच्या ०.४ सकट २.३ ओहम आहे. ड्रायर त्याच लाइनवर असेल तर साडेचार व्होल्ट डीसी! न्यूट्रल दुरुस्त झाल्यावर हाच आकडा दीडच्या आसपास येईल, सिस्टिमची लाइन वेगळी केली तर एकाच्याही खाली. म्हणून धुळेकरांचं काम आधी, मग माझं.

घरघर सुरू झाली की घरात फिरून बघा कोणी काय लावलंय. काहीच सापडलं नाही तर शेजारी किंवा डीपीवरचं दुसरं कोणी, आणि मग डीसी ब्लॉकर. ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर, त्याचे प्लस-मायनस एकमेकांना जोडलेले. दोन एसी टर्मिनलमध्ये पाठीला पाठ लावलेले दोन कपॅसिटर, २२,००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, रिपल करंटचं रेटिंग चांगलं बघून. हे सगळं फेजच्या तारेत, इन्सुलेट डब्यात, आधी फ्यूज लावून. अर्थच्या तारेला हात लावायचा नाही. हा ब्लॉकर साधारण १.४ व्होल्टपर्यंतच डीसी अडवतो, त्यापुढे ब्रिज चालू होतो आणि सगळं पार जातं. तुमच्या आताच्या साडेचार व्होल्टला तो काहीच करू शकला नसता.

मीटर डीसीवर ठेवून सॉकेट मोजू नका, २३० एसीत तो अर्धा व्होल्ट बहुतेक मीटरांना दिसत नाही, नुसता आकडा नाचतो.

सातपुडा_ध्वनी

स्टॅबिलायझरबद्दल माझं मत वेगळं पडेल कदाचित. एलटी (कमी दाबाच्या, घरगुती) पुरवठ्याला २३० च्या अधिक-उणे ६ टक्के, म्हणजे २१६ ते २४४ अशी मर्यादा धरतात. तुमचं मेनवर संध्याकाळी २१४, रात्री २४८, दोन्ही टोकं जरा बाहेर. पण ऑडिओला खालचं टोक फारसं त्रास देत नाही. २०५ वरही साध्या पॉवर सप्लायच्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद २३० च्या मानाने एक डेसिबलने कमी होते, कानाला कळणारही नाही. स्ट्रीमर आणि बॉक्स एसएमपीएसवर (व्होल्टेज स्वतः सांभाळणाऱ्या सप्लायवर), अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं.

काळजी वरच्या टोकाची. अ‍ॅम्प्लिफायर २२० चा, लाइन २४८ ची, म्हणजे आतली डीसी रेल (रेक्टिफायरनंतरचं व्होल्टेज) जवळपास १३ टक्के वर. ५० व्होल्टच्या कपॅसिटरवर ४५ ची रेल असेल तर ती ५१ च्या जवळ जाते. उपाय साधा: रात्री ऐकून झालं की स्टँडबायवर न ठेवता भिंतीवरचं बटण बंद. त्याने भागणार नसेल तर सर्व्हो घ्या. रिले स्टॅबिलायझर टॅप बदलताना टक् करतो आणि ते स्पीकरमध्ये येतं.

त्याहून आधी पैसे घाला ते अंडर-ओव्हर व्होल्टेज कटऑफमध्ये. १८० ते २६० वर लावा, परत जोडायला तीन मिनिटांचा उशीर. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात ३५०-४०० पर्यंत व्होल्टेज येऊ शकतं. सर्ज प्रोटेक्टर विजेच्या क्षणिक फटक्यासाठी असतो. सतत ३८० व्होल्ट आले तर त्यातला एमओव्ही (जादा व्होल्टेज गिळणारा भाग) स्वतःच जळतो.

शेजारी गच्चीवर सोलर असेल तर दुपारीही मोजा. ग्रिडला वीज ढकलताना इन्व्हर्टर आपल्या टोकाचं व्होल्टेज चढवतो, दुपारचं २४५ तिथून येत असेल.

वीज कंपनीकडे १९१२ वर तक्रार करताना नुसतं 'व्होल्टेज वरखाली' म्हणू नका. मेनवरचे आकडे तारीख-वेळेसह लिहून द्या. घरातले देऊ नका, त्यात तुमचाच जोड दिसेल.

केळीपट्टा

जिन्यातला बॉक्स उघडला. अ‍ॅल्युमिनियमचा न्यूट्रल, त्याला पिळलेली तांब्याची तार, टेप करपून पापड्या झालेल्या. नवी जोडी ओढायला सांगितलंय. एक शेवटचं: लाइट गेल्यावर घर इन्व्हर्टरवर जातं तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर वेगळाच खरखरतो आणि आवाजही दबतो. तेही न्यूट्रलमुळेच?

गिरणा_टोरॉइड

नाही, तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार, पुठ्ठ्यावर किंवा मागच्या लेबलवर लिहिलेलं सापडेल. साइन वेव्हच्या २३० चं टोक ३२५ व्होल्टवर असतं आणि रेक्टिफायर ते टोकच पकडतो. स्क्वेअर वेव्हचं टोक २३० च्या आसपास, मग रेल सत्तर टक्क्यांवर येते आणि ताकद निम्मी. खरखर तिच्या उभ्या कडांची. अ‍ॅम्प्लिफायरची नवी लाइन डीबीत इन्व्हर्टरच्या बाजूला घेऊच नका, थेट मेनच्या बाजूला घ्या. वायरमन काम करतोच आहे, आत्ताच सांगून टाका.